परक्या गावाचा इतिहासकार

डब्लिनच्या ओंगार वसाहतीतल्या आमच्या शेजाऱ्यानं हॉलंडमधल्या एका चिमुकल्या गावी दोन वर्षं नोकरी काय केली, त्या गावाचा इतिहास आमच्या मानगुटीवर बसला. कुणाकडेही जेवायला जा, श्रीखंडाची वाटी हातात घेऊन हा सुरू: "समुद्र आत आला, अख्खं गाव पाण्याखाली! लोकांनी बांध घातले, पाणी उपसलं, गाव पुन्हा वसवलं. गावावरचं प्रेम म्हणतात ते हे! आपल्याकडे आहे कुणाला?"

परवा साताऱ्याकडून आलेले त्याचे वडील कोपऱ्यातून म्हणाले, "आपलं बी गाव धरणात गेलं की रं. उन्हाळ्यात देवळाचा कळस दिसतो अजून."

"आबा, मध्ये बोलू नका, लिंक तुटते माझी," असं म्हणून तो तिथल्या चर्चचा मनोरा किती जुना, ते आम्हाला सांगू लागला.