परीक्षेला ठेवलेली केस

मीनलताईंच्या नवऱ्याचा, सुहासदादांचा, मेसेज आला तेव्हा मी ट्राममध्ये होते. ‘मीनल आज सकाळी गेली.’ मी ‘ओके’ लिहिलं, पुसलं, नेहमीच्या स्टॉपवर उतरून ब्रेड घेतला. काही आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही...

जर्मनीत डार्मश्टाटच्या लॅबमध्ये मीनलताई माझ्या सीनियर. स्तनाचा कॅन्सर काखेतल्या लिम्फ नोडपर्यंत पोचला असेल का, हे सोनोग्राफीच्या चित्रांवरून ओळखणारं मॉडेल आम्ही बनवत होतो. लॅबमधले सगळे त्यांना नावाने हाक मारत. मला ते जमलं नाही. “तुझ्या अहो-जाहोने मला सासू झाल्यासारखं वाटतं,” त्या म्हणायच्या. मी हसायचे, आणि पुन्हा अहोच म्हणायचे.

मग गाठ त्यांनाच निघाली. सांगलीला आईला त्यांनी माझ्यासमोरच फोन केला. “आई, काखेत गाळण्यांसारखे नोड असतात. त्यात काही अडकलंय का, ते ऑपरेशनमध्ये बघतील.” फोन ठेवून मला म्हणाल्या, “चल, माझी चित्रं घाल. बघू आपलं कार्टं काय म्हणतंय.” मॉडेल म्हणालं, पसरलेला नाही. ते संशोधनापुरतंच होतं, डॉक्टर त्यावर विसंबणार नव्हतेच. त्यांनी नोड काढून तपासले. त्यांत कॅन्सर होता.

हॉस्पिटलमध्ये त्या म्हणाल्या, “माझी चित्रं संशोधनाला वापरायच्या संमतीवर सही केलीय. पण माझी केस त्याला शिकवायला घेऊ नकोस. परीक्षेला ठेव.”

“का?”

“शिकवलीस तर पाठ करेल गं. न सांगता ओळखू दे मला.”

त्या गेल्यावर मी मॉडेलचं नवं व्हर्जन केलं. त्यांच्या केसवर ते पुन्हा चुकलं. मग मी एक सेटिंग सैल केलं, जरा शंका आली तरी ‘पसरलाय’ म्हणायचं. मीनलताई बरोबर ओळखल्या गेल्या. पण त्यांच्यासोबत कॅन्सर न पसरलेल्या कितीतरी बायकांच्या नोडवरही तोच शिक्का बसला. उद्या हे खरोखर वापरलं, तर त्यांच्या काखेतले नोड उगाच काढले जातील, हात जन्मभर सुजत राहील...

शेजारच्या टेबलावरचा मार्कुस वाकून बघत म्हणाला, “बघ, आता आली की तिची केस बरोबर.” त्याला मला बरं वाटावं असं वाटत होतं.

मी ते व्हर्जन पुसलं. मीनलताई चुकलेल्यांच्या रांगेत परत गेल्या. आता नवं व्हर्जन तयार झालं की बाकीचे आकडे बघायच्या आधी मी त्यांची केस उघडते. अजून त्याने त्यांना ओळखलेलं नाही.