सोपानचा बायोडाटा

परभणीत स्टेशन रोडला एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी शिकवायचे तेव्हाची ही गंमत. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल, दिवाळी नुकतीच झालेली. दुपारी क्लास रिकामा असला की मी लोकांना बायोडाटा टाइप करून द्यायचे... 'रेझ्युमे' हा शब्द आमच्याकडे अजून पोचायचा होता.

बायोडाटाचा एकच नमुना आमच्या भिंतीला चिकटवलेला होता. नाव, गाव, शिक्षण तेवढं बदलायचं, बाकी सगळं जसंच्या तसं. 'दोन वर्षांचा अनुभव', 'इंग्रजी उत्तम', 'छंद : वाचन व पोहणे'... त्या हिशेबाने अख्खा जिल्हा पोहत होता!

गावाबाहेरच्या एका जिनिंग मिलला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याला, कापूस तोलायच्या काट्यावर कारकून हवा होता. पाच-सहा पोरं आमच्याकडूनच बायोडाटा घेऊन गेली. सगळ्यात शेवटी आला सोपान.

राणीसावरगावचा, मेंढपाळाच्या घरातला, बारावी पास. ही नोकरी मिळाली नाही तर आठवड्याभरात वडिलांबरोबर मेंढरं घेऊन गाव सोडायचं, असं घरी ठरलेलं. त्याला मात्र परभणीत राहून पुढे शिकायचं होतं.

मी सवयीने 'दोन वर्षांचा अनुभव' टाइप करायला घेतलं.

"कशाचा ओ, ताई?" त्याने विचारलं.

"अरे, टाकावं लागतं. सगळेच टाकतात."

"पण मला न्हाई ना. मंग त्यायनी इचारलं तर म्या काय सांगू? बारावीनंतर बापासंग मेंढरं राखली, तेच टाका की. आन् ते पोहायचं काढा, मला पान्याची लय भीती वाटती."

मी समजावलं, थोडी चिडलेसुद्धा. म्हटलं, अशाने हातची नोकरी जाईल. पठ्ठ्या हसत होता, पण जागचा हलला नाही. शेवटी तो म्हणाला तसंच टाइप करून दिलं.

मुलाखतीत व्हायचं तेच झालं. एकसारखे बायोडाटा बघून मिलच्या शेटजींना हसू आवरेना. "गोदावरीत उडी मारून दाखवायला कोण कोण येतंय?" म्हणाले, आणि सगळी पोरं खाली बघायला लागली.

सोपानला विचारलं, काट्याचं काम येतं का? "न्हाई. शिकवलं तर ईल," एवढंच त्याचं उत्तर... आणि शेटजींनी त्यालाच ठेवून घेतलं.

खरं तर मला सांगायचंय ते पुढचं. दोन-चार दिवसांनी त्याचे वडील इन्स्टिट्यूटमध्ये आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. दारातच उभे राहिले.

"बाई, पोरानं कागदावर काय लिवलंय, तेवढं वाचून दावता का?"

माझ्याकडे कार्बनची कॉपी होती. मी वाचलं, 'अनुभव : वडिलांसोबत मेंढ्या राखल्या.' त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"मला वाटलं, शिकल्यालं पोरगं, मेंढराचं दडवलं असंल," ते म्हणाले. मग घोंगडीच्या टोकाने डोळे पुसले आणि नमस्कार करून निघून गेले.

किती जणांचे बायोडाटा टाइप केले त्याची मोजदाद नाही. पण त्यातला आपला उल्लेख ऐकायला कुणाचे वडील आले, असं ते एकदाच... सोपान, जिथे असशील तिथे सुखी राहा बाबा. तुझ्या खरेपणाचं मला आजही फार कौतुक वाटतं.