घंटा वाजवणाऱ्या मावशी

पोलीस सेवाकाळातील बहुतेक प्रकरणे आता स्मृतीत पुसट झाली आहेत; राहुरी तालुक्यातील हे एक मात्र कालचे वाटावे इतके स्पष्ट आहे.

नदीतून चोरटी वाळू उपसणाऱ्या एकाने तलाठ्याच्या अंगावर ट्रॅक्टर घातला. पाहणारे पुष्कळ होते. जबाब द्यायला पुढे आल्या त्या एकट्या साठीच्या विधवा ख्रिस्ती बाई. गाव त्यांना मावशी म्हणे. चर्चची घंटा त्या दिवसातून तीनदा वाजवीत, आणि दुपारी बाराच्या घंटेवर शेतातली माणसे भाकरी सोडत.

न्यायालयातील साक्ष आठवड्यावर आली होती. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मावशी अकरापासून चर्चमध्ये उपासनेला होत्या. दोननंतर घरी आल्या, तो दारातली शेळी मान कापलेली. भिंतीवर कोळशाने लिहिले होते, ‘कोर्टात गेलीस तर पुढची तू.’

मी पंचनामा केला. बाराच्या सुमारास शेळी ओरडल्याचे शेजारणीने सांगितले. संध्याकाळी आमच्या खबऱ्याने कळवले की ट्रॅक्टरचालकाचा मेहुणा त्या वेळी गल्लीत दिसला होता. लेखी द्यायला मात्र तो तयार नव्हता.

शनिवारी मेहुण्याला ठाण्यात बोलावले. गडी निवांत.

“बारा वाजता कुठे होतास?”

“पारावर, साहेब. मावशीची घंटा झाली अन् तवाच जेवायला उठलो. चौघं हुते संगं, इचारा की. घंटा खोटं बोलती व्हय?”

चौघांनीही तेच सांगितले, शब्दही जवळजवळ तेच. पढवलेली साक्ष ओळखता येते, ती खोडून काढायला मात्र आधार लागतो. तो मजजवळ नव्हता. जबाब नोंदवून त्याला सोडले आणि हे सांगायला मावशींकडे गेलो. केडगावचा भाऊ त्यांना न्यायला आला होता.

“आक्का, चल माझ्याकडं. साक्षीचं नाव काढू नको. लई वंगाळ लोकं हायेत ती.”

मी मेहुण्याचा जबाब सांगितला, तशी मावशींनी मान वर केली.

“कंची घंटा, साहेब?”

“बाराची. तुम्ही वाजवलेली.”

“गुरुवारच्या संध्याकाळपासनं घंटा मुकी हाय. प्रभूच्या मरणाला आमी घंटा वाजवत न्हाई, निस्ती लाकडी फळी वाजवतो. आज रातच्या उपासनेत त्वांड उघडंल ती.”

फादरांनीही तेच सांगितले. रोज कानावर पडणारी घंटा त्याही दिवशी वाजलीच असणार, असे त्या पाचांनी गृहीत धरले होते. खरे तर मीही.

मेहुण्याला पुन्हा आणले. मी एवढेच विचारले, “कोणती घंटा?” तो हसला, मग थांबला, मग खाली पाहू लागला. तासाभरात त्याने उसात लपवलेला कोयता पंचांसमक्ष काढून दिला.

तरीही साक्षीचे ओझे मावशींवरच होते. संरक्षणाला शिपाई देऊ केला, तेव्हा त्या म्हणाल्या, “द्या, साहेब. मी भ्याले न्हाई असं न्हाई. बघा, हात कापत्यात. पन माझा प्रभू क्रूसावरनं उतरला न्हाई. मी कोर्टाच्या पायरीवरनं उतरू व्हय?”

भाऊ एकटाच केडगावला परतला. ईस्टरच्या सकाळी घंटा वाजली. पारावरच्या मंडळींनी त्या दिवशी ती मान खाली घालून ऐकली.

न्यायालयात बचावाच्या वकिलांनी चिमटा काढला, “चष्मा नाही, मावशी? एवढ्या लांबून दिसलं कसं?”

“जवळचं दिसत न्हाई, वकीलसाहेब. सुई पोरी ओवून देत्यात. ट्रॅक्टर काय सुईएवढा नव्हता.”

मग पिंजऱ्यातील चालकाकडे त्यांनी बोट दाखवले. बोट थरथरत होते. ते त्याच्यावरून हलले नाही. त्याला शिक्षा झाली, पुढे मेहुण्यालाही.

लहानपणी संस्कृत पाठशाळेत ‘अभय’ म्हणजे भयाचा अभाव असे मी घोकले होते, आणि त्या प्रकरणापर्यंत तेच खरे मानले. आता पूजेची घंटा हाती घेतो तेव्हा त्या थरथरत्या हातांची आठवण होते. भय त्यांच्यात पुरेपूर होते. देवाला त्याहून मोठे मानून त्या उभ्या राहिल्या. तो अर्थ मला वर्दीत असताना एका साक्षीदाराने शिकवला.