वाळूत वाळवलेली शेवंती

त्रिंबक कामाच्या शोधात घराबाहेर पडला आणि परतला नाही, तेव्हा त्याच्या आईने, आसराबाईंनी, देवीला कौल लावला. उजवीकडून पिवळी शेवंती ओघळली. म्हणजे मुलगा येणार. त्या भागातला समज असा की, कौलाचे फूल टिकेल तोवर वाट पाहावी. भुगा झाला की ते नदीत सोडावे आणि माणूस गेला असे धरावे.

इतरांची फुले वर्षभरात झडत. आसराबाईंनी मात्र नदीची बारीक वाळू चाळली, धुतली, उन्हात कडकडीत वाळवली आणि पाकळी न् पाकळी सावरीत फूल तिच्यात पुरले. दहा दिवसांनी ते काचेच्या बरणीत गेले. तळाशी ओल शोषायला भाजलेले तांदूळ असत. ते दर पावसाळ्यात बदलायचे.

१९९९ च्या आषाढात तांदूळ भाजता भाजता त्रिंबकची बायको वच्छला सासूला म्हणाली, "आत्याबाई, अकरा वर्षं झाली. शेजारच्या गंगूच्या फुलाचा भुगा झाला, मंग तिच्या सासूनंच तिचा दुसऱ्याशी पाट लावून दिला. तुमचं वाळवणं लई बराबर."

"तुला जायचंय का?"

"आता कुठं जाऊ? केस पिकून राह्यले. नुसतं इचारते, हे कधी झडणार?"

आसराबाईंनी फूल तळहातावर घेतले. त्रिंबक येणार नाही, हे त्यांना केव्हाचे कळले होते. मूठ मिटली असती, तर वच्छला सुटली असती. बोटे थोडी वाकली आणि तिथेच थांबली.

"तांदूळ निवले का?" त्यांनी विचारले.

वच्छलाने ताट पुढे सरकवले.