काचेवरची टकटक

मुलांनो, मी तुमच्या टायपिंगच्या बाई. आणि हे कॉम्प्युटरच्या काचेवर बोटं टेकवून लिहितेय बरं का!

टाइपरायटरने बोटं दुखतात म्हणून लेकीने टच स्क्रीनचा कॉम्प्युटर पाठवलाय. आज सकाळी त्यातला पडद्यावरचा कीबोर्ड मी माझ्या सोयीने लावून घेतला. बटणं मोठी केली, रंग आपल्या जुन्या मशीनसारखा काळा केला. तरी काहीतरी चुकत होतं. घर फार गप्प होतं. मग सेटिंगमध्ये बटणांचा आवाज सापडला. तो चालू केला आणि उगाचच अर्धं पान टाइप केलं.

तेवढ्यात शेजारची हौसा दारात आली. "बाई, पाव्हणं आल्यात व्हय? लई टकटक ऐकू येतीय."

"नाही गं, मीच आहे."

ती गेली आणि मी आवाज बंद करून टाकला. त्यातलं प्रत्येक बटण सारखंच वाजतं. नव्वद-पंच्याण्णव साली नगरच्या आपल्या क्लासमध्ये मी तुमच्याकडे पाठ करूनही नुसत्या टकटकीवरून सांगायचे, नागापूरची सुनीता घाई करतेय, कर्जतचा दिलीप चूक करून थांबलाय.

क्लासमधलं एक मशीन मी विकलेलं नाही. आज त्याला नवी रिबन घातली. नगरला आलात तर दार उघडंच असतं. हाक मारू नका. सरळ बसा आणि एक ओळ टाइप करा.

मी स्वयंपाकघरातूनच तुमचं नाव घेऊन चहा टाकीन. कोण येतंय?