पन्हाळ्याच्या पायथ्याचा डायनासोर

दिवाळीत आमच्या कॉलनीत किल्ल्यांची स्पर्धा असते. कसबा बावड्यात जिथं ऊस संपतो आणि नवी घरं सुरू होतात, तिथं आमची कॉलनी. त्यामुळं मातीला तोटा नाही. सहामाही परीक्षा संपली की पोरं दगडविटा रचतात, वरून ओली पोती टाकून चिखल लिंपतात, मोहरी पेरतात आणि मावळे मांडतात. गेल्या दिवाळीत माझ्या चौथीतल्या लेकीनं पन्हाळा केला आणि त्याच्या पायथ्याशी डायनासोर उभा करायचं ठरवलं. तिथून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला, तो आजही आठवला की मस्तक उठतं.

बरं, डायनासोर म्हणजे दुकानात मिळतो तो नव्हे. दुकानातले सगळे दात विचकून उभे. हिला हवा होता लांब मानेचा, पाला खाणारा. अंगानं घराएवढा आणि डोकं मात्र एवढंसं. तसला कुठं मिळेना, म्हणून तिनं मातीचा करायला घेतला. पाय झाले, पोट झालं, शेपटीही झाली. मान काही उभी राहीना. खराट्याच्या काड्या घालून झाल्या, तार घालून झाली. संध्याकाळी उभी केलेली मान सकाळी वाळून, तडकून खाली पडलेली असायची आणि ही दारात रडत बसायची. इकडं माझा फराळ राहिलेला, बँकेत सुट्टी नाही, आणि मी पहाटे उठून डायनासोरची मान लिंपतेय! शेवटी वैतागून चांगल्या छत्रीची काडी मोडून दिली.

नवऱ्यानं विचारलं, “छत्रीला काय झालं?”

म्हटलं, “डायनासोरनं खाल्ली.”

पण राहिली हो मान उभी! मोहरीही उगवून आली होती. तो पन्हाळ्याच्या उतारावरच्या हिरवळीकडं तोंड करून असा शांत उभा होता, की वाटावं आमच्या माहेरची म्हैसच वैरणीला लागलीय. लेक टाळ्या पिटत होती. मलाही फार बरं वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू?

स्पर्धेच्या आदल्या दिवशी कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष आले. माणूस तसा वाईट नाही, पण आवाज असा की चार घरांना ऐकू जावा.

“वैनी, गड एक नंबर झालाय! पन तेवढं जनावर काढा की.”

“का?”

“म्हाराजांच्या गडाला राक्षस शोभतोय व्हय?”

“राक्षस कुठला? पाला खातोय तो.”

“पाला खाऊ दे न्हाईतर पुरणपोळी खाऊ दे. त्या काळात हुतं काय हे?”

माझी सटकलीच. म्हटलं, “पलीकडच्या गडावर हेलिकॉप्टर उतरलंय, ते होतं का त्या काळात? बंदूकवाले प्लास्टिकचे सैनिक होते का?”

“ते त्यांच्या पावण्यांनी दिलंय हो. काढा म्हटलं तर वाईट वाटंल त्यास्नी.”

म्हणजे पाहुण्यांना वाईट वाटू नये, आणि माझ्या पोरीला वाटलं तर चालेल! मी तोंड उघडणार तेवढ्यात लेक म्हणाली, “काका, तो गडाच्या आधीचा आहे. आपला काळा दगड म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला. विदर्भात त्या दगडाखाली यांची हाडं सापडतात.”

“लई शानी हाय पोरगी,” म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, “उद्या परीक्षक यायच्या आत तेवढं बघा.”

पोरगी काय बोलली, ते त्यांच्या कानात गेलंच नाही. रात्री नवरा म्हणाला, “दोन तास काढून ठेव ना. काय बिघडतं?” हे ‘काय बिघडतं’ मी लहानपणापासून ऐकतेय. नाटकात नको घेऊस भाग, काय बिघडतं? बदली नको घेऊस, काय बिघडतं? मला बक्षिसाचं काडीचं पडलं नव्हतं. पोरीनं हातानं केलेली वस्तू चार लोकांसमोर उभी राहावी, एवढंच हवं होतं. परीक्षकांना काय काय सुनवायचं, ते मी बँकेत दिवसभर मनात घोळवत होते.

संध्याकाळी ते आले तेव्हा मी चकल्या तळत होते. पिठाच्या हातांनीच बाहेर धावले. बघते तर पायथा रिकामा! संशयानं पाहिलं ते अध्यक्षांकडं, पण तेही माझ्यासारखेच बघत होते.

परीक्षकांपैकी एक बाई गड चाचपून लेकीला म्हणाल्या, “किती भक्कम झालाय गं. आत काय घातलंयस?”

“दगड,” लेक म्हणाली. डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही.

ते गेल्यावर विचारलं, “कुठाय तो?”

“आत. दुपारी गड मागून पोकळ केला, त्यात याला आडवा ठेवला आणि लिंपून टाकलं. काकापण खूश, आणि तो खरा असतोही खालीच ना?”

तिला दुसरं बक्षीस मिळालं. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, नवरा म्हणाला, “बघ, तुझ्यापेक्षा हुशार निघाली.” सगळे खूश. मी एकटीच धुमसत होते, आणि कुणावर ओरडावं तेच कळत नव्हतं.

तुळशीचं लग्न झालं आणि किल्ला काढायची वेळ आली. मी खुरपं घेऊन गेले तर लेक ओरडली, “असं नाही!” जुना दात घासायचा ब्रश आणून ती मातीचा एकेक थर झाडत बसली. शास्त्रज्ञ असंच काढतात म्हणे. माझे पाय अवघडले, दूध उतू गेलं, तरी बसले. आधी शेपटी दिसली, मग पाठ, मग मान. अख्खी! कुठं चीर नाही.

“बघ आई,” ती आनंदानं म्हणाली, “आडवा लपवून ठेवला ना, म्हणून मोडली नाही.”

नऊ वर्षांच्या पोरीला हे कळून चुकलं होतं, आणि वर ती खूश होती. मी तो डायनासोर उचलला, तसाच मातीनं भरलेला, आणि फाटकाशेजारच्या भिंतीवर, रस्त्याकडं तोंड करून उभा केला.

“इथं? काका बघतील ना!”

“बघू दे.”

“आणि मान मोडली तर?”

“मोडली तर परत करू. घरात अजून छत्र्या आहेत.”