रांजणातले स्पीकर

नव्वदच्या दशकात आमच्या परतूरला ज्याच्या घरी कॅसेटचा डेक, त्याच्या मांडणीवरचे पेले आवाजानं नाचलेच पाहिजेत, असा दंडक होता. गाणं कळलं नाही तरी चालायचं. माझे बाबा शाळेत मास्तर, पण त्यांनी एखादं गाणं शेवटपर्यंत ऐकल्याचं मला आठवत नाही. कडवं सुरू झालं की उठायचे, एखादी वायर उपसून दुसरीकडे खुपसायचे. घरातलं स्पिरिट आणि कापूस डेकचं हेड पुसायला राखीव. माझा गुडघा फुटला तर त्यावर हळद.

आईला त्या डेकवर एकच कॅसेट ऐकायची होती. मावशीच्या हळदीला बायकांनी म्हटलेली गाणी, आणि दोन गाण्यांच्या मधे दारातून आलेला तिच्या वडिलांचा आवाज. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. त्यांचा आवाज तेवढाच उरला होता. जुना टेप बाबांनी डेकच्या बदल्यात देऊन टाकलेला, आणि कॅसेट कपाटावर.

"जरा दम धर. सेटिंग झाली न्हाई अजून," बाबा म्हणायचे. असं वर्ष गेलं.

मग कुणीतरी सांगितलं, स्पीकर रांजणात ठेवला की आवाजाला खरी धमक येते. कुंभार पिंपळगावच्या बाजारातून दोन रांजण आले. एसटीत त्यांना बसायला जागा, बाबा उभे. आईला वाटलं पाण्याला आणलेत; ती भरायलाच निघाली होती. बाबांनी आडवं येऊन ते वाचवले, तोंड वर करून आत स्पीकर ठेवले, आणि आवाज जाड-बारीक करणाऱ्या इक्वलायझरच्या कडेच्या दांड्या वर, माणसाच्या आवाजाच्या मधल्या तळाला नेल्या.

"मास्तर, क्या धमक है," शेजारचे चाचा म्हणाले. बाबा दिवसभर जमिनीवर नव्हते.

त्या संध्याकाळी कॅसेट लागली. ढोलकी छातीत वाजली. बायका मात्र विहिरीत उतरून गात होत्या. गाणं संपलं, काहीतरी घुमलं, दुसरं सुरू झालं.

"कसं वाटलं?" बाबांनी विचारलं. "मधली खरखर बिलकुल काढून टाकली."

"माझे वडील कुठं गेले?" आई म्हणाली.

आई उठली. तिनं स्पीकर उपसून पिठाच्या डब्यांवर ठेवले, सगळ्या दांड्या एका रेषेत आणल्या आणि कॅसेट मागे नेली. खरखर आली. मग खोकला, आणि मग अगदी साफ, "पाव्हण्यायला चहा दिल्ता का गं?"

आई रडायला लागली. तिनं पुन्हा कॅसेट मागे नेली. बाबा जागचे हलले नाहीत, वायरीकडे बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात चाचा दारात आले. "मास्तर, धमक किधर गई?"

बाबांनी हातानंच त्यांना बसायला सांगितलं.

"हळू, चाचा," ते म्हणाले. "सासरे बोलून राह्यलेत."